सुट्टीपेक्षा मोठं पुस्तक

"तीन खंड, जेल्का? अगं, सुट्टी दोनच आठवड्यांची आहे ना?"

रेझिका एवढंच म्हणाली आणि हसली. बस तेझ्नोच्या वळणावर कलली, तिनं माझ्या दंडाला धरून तोल सावरला, आणि पुढच्या वाक्याला ती नातीच्या पोहण्याच्या शिकवणीवर गेलीसुद्धा. रेझिका आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगमध्ये असते. बाटल्यांचे खोके तिच्या हाताखालून जातात तशी तिच्या तोंडून रोज सकाळी वाक्यं जातात, आणि त्यातल्या एखाद्यावर ती स्वतः थांबली असेल असं मला कधी वाटलेलं नाही. पण मी त्या वाक्यावरच अडकले. तिच्या काखेत कारखान्याच्या मासिकाचा उन्हाळी अंक होता, घडी घातलेला, घामानं कोपरा ओला झालेला, आणि त्या ओल्या कोपऱ्यात मी होते. जुना फोटो, केस अजून काळे. खाली ‘जेल्का वोदुशेक, उत्पादन नियोजन’, आणि त्याखाली मी लिहिलेल्या चार ओळी. त्या लिहिताना मला त्यांत काहीच दिसलं नव्हतं. अंक काढणाऱ्या दार्यालाही छापताना काही दिसलं नाही. आता द्रावा नदीवरचा पूल मागे पडला होता, सगळ्या खिडक्या उघड्या असून वारा म्हणून नव्हता, आणि मी मनातल्या मनात त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते. रेझिका नातीबद्दल काय सांगत होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी फक्त "हो का, हो का" म्हणत राहिले.

आमच्याकडे हे दर वर्षी चालतं. जून उतरणीला लागला की दार्या, जी एरवी कर्मचारी विभागात बसते आणि अंकही काढते, सगळ्या विभागांतून फिरून एकेकाला पकडते. सुट्टीत काय वाचावं ते सांगा, चार ओळी पुरे, फोटो माझ्याकडे आहे. मग युनियन त्या पुस्तकांच्या प्रती विकत घेते. काही दरवानाच्या खोलीबाहेरच्या कपाटात ठेवते, काही समुद्रावरच्या आमच्या सुट्टीच्या खोल्यांत पाठवते. ज्याला हवं त्यानं उचलावं आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला येताना परत आणावं. पुस्तक सुट्टीत संपलं पाहिजे हा नियम कुणी कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. म्हणून सगळे बारकी पुस्तकं सांगतात. प्रयोगशाळेतला बोयान दर वर्षी एक खुनाची कादंबरी सांगतो आणि उत्साहाच्या भरात खुनी कोण तेही लिहून मोकळा होतो. दार्या ते खोडते, पण एका वर्षी राहून गेलं आणि त्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही. भट्टीवरचा सिल्वो मासेमारीवरचं तेच एक पुस्तक सांगतो, कारण तेवढंच त्यानं वाचलेलं आहे, आणि तो ते लपवतही नाही. लोक हसतात, टिंगल करतात, पण अंक हातात आला की ते पान आधी उघडतात. कोण काय वाचायला सांगतं त्यावरून त्याच्या घरात काय शिजतंय हे ताडायची आमच्या लोकांना खोडच आहे. हिशेबातल्या एका बाईनं एकदा मोडलेल्या संसाराची कादंबरी सांगितली आणि बर्फ पडायच्या आत तिचा नवरा वेगळा राहायला गेला. तेव्हापासून तर ही खोड कुणी सोडायला तयार नाही.

आणि अशा लोकांसाठी मी काय लिहिलं होतं? ‘द्रावेवरच्या तराफेवाल्यांच्या तीन पिढ्यांची गोष्ट. तीन जाड खंड. घाई करू नका, रोज थोडं थोडं वाचा. थंडी पडेपर्यंत पुरेल.’ थंडी पडेपर्यंत. बाई गं, तुझं डोकं ठिकाणावर होतं का? ऑगस्टमध्ये कारखाना उघडणार, लोक पाळीवर येणार, मग थंडी पडेपर्यंत रोज थोडं थोडं कोण वाचणार आहे? ज्याला कामावर जायचं नाही तो. मी ते लिहिलं, वर दार्याला म्हटलंसुद्धा, बघ, तुझ्या पानाला जरा वजन आणलं. आणि ती म्हणाली, तुझ्यासारखी वाचणारी माणसं आहेत म्हणून चाललंय. त्या कौतुकानं मी दिवसभर खूश होते, हे आठवून मला बसमध्येच तोंड लपवावंसं वाटलं.

मे महिन्यात रेबर्निक साहेबांनी मला वर बोलावलं होतं. संचालक माणूस, आणि स्वतः उठून मला कॉफी करून दिली, तेव्हाच मला समजायला हवं होतं. "बसा, जेल्का," ते म्हणाले. साखर किती हे विचारलं, खिडकी लावली, पुन्हा उघडली. मग सांगितलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भट्टी नेहमीसारखी मंद आचेवर ठेवायची, म्हणजे कुणाला शंका नको. सुट्टी संपली की काच काढून टाकायची आणि गॅस बंद करायचा. भट्टी दर दहाएक वर्षांनी नव्या विटांनी बांधावी लागते; या वेळी विटा येणार नाहीत, भट्टी पुन्हा बांधणार नाहीत. मालकांच्या दुसऱ्या देशातल्या कारखान्यातून बाटल्या येतील, इथं फक्त गोदाम राहील. "आणि गोदामाला नियोजन करणारं माणूस लागेल," ते म्हणाले, "मला तुमच्याशिवाय दुसरं नाव सुचत नाही." मग एक कागद पुढं सरकवला. सुट्टीनंतर मालक स्वतः जाहीर करेपर्यंत एक अक्षर बाहेर गेलं, तर गोदामही नाही, भरपाईही नाही, आणि वर वकील. गिऱ्हाइकांच्या शरदातल्या मागण्या कुणाकडे वळवायच्या याचा आराखडा करायला त्यांना मी हवी होते, म्हणून मला सांगणं भाग होतं. नाहीतर मलाही कळलं नसतं. तो क्षण मी पुष्कळदा आठवून पाहिला आहे. हात थरथरला, डोळे भरून आले, असं काही सापडत नाही. माझ्याच पेननं मी छान, वळणदार सही केली आणि कॉफी संपवली. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार हा एकच विचार तेव्हा डोक्यात होता, आणि खोटं कशाला बोलू, तो आजही आहे.

आता सिल्वोचं सांगते, कारण बसमध्ये मी त्या वाक्यावर अडकले ती सिल्वोमुळे. सिल्वो क्राम्बर्गर भट्टीचा मुख्य आहे. आम्ही एकाच वर्षी लागलो, तो खाली आगीपाशी आणि मी वर कागदांत, आणि इतकी वर्षं मधलं जेवण आम्ही समोरासमोर बसून जेवतो. जूनमध्ये राजम्याच्या कोशिंबिरीवर भोपळ्याच्या बियांचं तेल ओतता ओतता तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "मला पलीकडून बोलावणं आलंय." पलीकडून म्हणजे ऑस्ट्रियातून. सीमेच्या त्या बाजूला एक काच कारखाना आहे, त्यांना जाणता भट्टीवाला हवा होता. त्याचा विचार काही पक्का होत नव्हता. "पगार चांगला आहे गं. रोज गाडीनं जाऊन येऊन होईल. पण ही भट्टी मागच्या वेळी मी माझ्या हातांनी बांधून घेतली. दुरुस्तीला आली आहे, विटांची मागणी मी केव्हाची वर पाठवली आहे. आता ऐन वेळी सोडून गेलो तर नवा माणूस तिची वाट लावेल." मग त्यानं सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "तुझं तू ठरव." तो म्हणाला, "ते जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत थांबणार आहेत. मग दुसरा एक आहे त्यांच्याकडे, क्रोएशियाचा. छप्पन्न वर्षांच्या माणसाला पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे मलाही कळतं." मी पावानं बशी पुसत राहिले. तेल हिरवं होतं, पावाला लागून तपकिरी झालं, तेवढं मला स्वच्छ आठवतं. त्या दिवसापासून मी रोज त्याच्यासमोर बसून जेवत होते आणि रोज वाट बघत होते की हा आपण होऊन म्हणेल, जातो मी, आणि मी सुटेन. तो काही म्हणत नव्हता. आणि रेझिका बसमध्ये हसली तो दिवस होता जुलैचा दुसरा शुक्रवार.

कारखान्याच्या फाटकाशी कपाटाजवळ दोघंतिघं उभे होते. मी मान खाली घालून पुढं जात होते तर दरवान म्हणाला, "जेल्का, तुमच्या पुस्तकाचा पहिला खंड एकही शिल्लक नाही. युनियननं आणखी मागवलाय." एरवी मला याचा आनंद झाला असता. वर जाऊन खुर्चीत बसले आणि संगणक चालू करायच्या आधी हात पुसले, तरी बोटं ओली ती ओलीच. कुणाला काय कळलं असेल? एखादा म्हणेल, बाई निवृत्तीला आली, तिला वेळच वेळ. एखादा म्हणेल, मिरवायला लिहिलंय, स्वतः तरी वाचलंय का तिनं. पण शंभरात एकाच्या जरी डोक्यात बरोबर गणित बसलं असेल तर? आणि तो एक सिल्वो असेल तर? मला भीती वाटत होती की त्याला कळलंय, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की त्याला कळलेलं नाही. दोन्ही एकदम. असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

वाचलं होतं मी ते पुस्तक, नाही कसं. माझ्याहीआधी बाबांनी वाचलं होतं. बाबा कापड गिरणीत मागांची दुरुस्ती करायचे. देश फुटला, गिऱ्हाइकं तुटली, आणि एका वसंतानंतर गिरणी बंद झाली. जन्मात खेळांच्या पानापलीकडे काही न वाचलेला माणूस त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवा पडून तीन खंड वाचत होता. आईनं ग्रंथालयातून आणून दिले होते, नुसतं छताकडे बघत पडतात म्हणून. ते संपवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. मी बाविशीची होते, मला त्यांचा राग यायचा. भांडी घासताना मुद्दाम आपटायची. संध्याकाळी लोइझकाका यायचे, गिरणीच्या कचेरीतले, बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. बाबा दोन पेले काढायचे, दोघं पत्ते खेळायचे, काका म्हणायचे, होईल रे सगळं नीट. पुढं हिवाळ्यात कुठूनतरी कळलं की काकांना मार्चपासून माहीत होतं. मार्चमध्ये बाबांना रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात जागा चालून आली होती आणि त्यांनी ती नाकारली होती, लोइझकाकांना विचारून. काकांनी तेव्हा म्हटलं होतं, तुझं तू ठरव. बाबांनी भांडण काढलं नाही. काका आले की फक्त एकच पेला काढायचे, स्वतःचा. काही दिवसांनी काका यायचे थांबले. मी त्या माणसाला कधी माफ केलं नाही. तो गेला तेव्हा आई म्हणाली, चल, माती तरी टाकून येऊ, आणि मी म्हटलं, मला काम आहे. आणि आता कचेरीत बसून मला कळलं की कुठलंही पुस्तक सांग म्हटल्यावर माझ्या हातानं तेच का लिहिलं. मला वाटलं होतं मी एक चांगलं पुस्तक सांगतेय. आणि सिल्वोला मी काय म्हटलं होतं? अक्षर न अक्षर तेच. मी उठून नळापाशी गेले. नळाखाली मनगटं धरून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

परत आले तर फोन वाजत होता. "जेल्का, जरा वर या," रेबर्निक साहेब. त्यांच्या टेबलावर अंक उघडा होता. या वेळी कॉफी नव्हती. "तीन खंड," ते म्हणाले, "थंडी पडेपर्यंत. तुम्हाला विनोद करायचा होता का?"

"नाही साहेब. चांगलं पुस्तक आहे."

"असेल. मी पाठदुखीच्या व्यायामाचं सांगितलं. ते कुणी लक्षात ठेवत नाही." ते चिडलेले दिसत नव्हते, घाबरलेले दिसत होते, आणि त्यानं मला जास्त धडकी भरली. "सकाळपासून भट्टीच्या हॉलमध्ये काहीतरी चाललंय. माणसं गटागटानं बोलतायत. मी गेलो की गप्प होतात, आणि हसतात. तुम्ही कुणाला काही बोललात?"

"कुणालाही नाही."

"मग असं करा. आज तुम्ही खाली जाऊ नका. जेवण वर मागवा. कुणी विचारलंच तर म्हणा, सहज लिहिलं." मी दारापाशी पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, "मी तुमच्यासाठी त्या गोदामाच्या जागेकरता भांडलोय, जेल्का. मला तोंडघशी पाडू नका." खरंच भांडले असतील. वाईट माणूस नाही तो. मी "हो साहेब" म्हटलं आणि जिना उतरून माझ्या मजल्यावर आले, आणि थांबले नाही, तशीच खाली उतरत गेले. मी काही ठरवलं होतं असं मला म्हणता येणार नाही. जेवणाची वेळ झाली होती आणि इतकी वर्षं त्या वेळेला माझे पाय खाली जातात.

पण हॉल हसतोय हे काय आहे? ते डोक्यातून जाईना. कारखाना बंद होणार हे कळलेली माणसं हसत नाहीत. माझ्या बाबांच्या गिरणीत कुणी हसलं नव्हतं. दार ढकललं आणि उष्मा अंगावर आला, बाहेरच्या जुलैला लाजवेल असा. यंत्रांचा खडखडाट, तापून लाल झालेल्या बाटल्यांची रांग, आणि खरंच सगळ्यांचे चेहरे उजळलेले. एकानं मला बघून टोपीला हात लावला. दुसरा कानाशी ओरडून म्हणाला, "काय बाई, पुस्तक आवडलं बरं का," आणि डोळा मारला. मी कसनुसं हसले. सिल्वो भट्टीशेजारच्या काचेच्या खोलीत होता, जिथं तापमानाचे आकडे बघतात. मला बघून त्यानं दार उघडलं, आत घेतलं, दार लावलं. आवाज एकदम कमी झाला.

"ये. तुझीच वाट बघत होतो," तो म्हणाला. "आणि हे बघ, तू काही बोलू नकोस. तुला बोलायची बंदी असणार, मला समजतं. मी बोलतो, तू नुसती ऐक."

मी स्टुलावर बसले. कळलं होतं त्याला. देवा, मला सांगावं लागलं नाही. मला रडू यायला लागलं आणि मी ते हसण्यात लपवलं.

"तीन खंड," सिल्वो म्हणाला. "मी वाचलं आणि म्हटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं. घरी नेऊन ओल्गाला दाखवलं. ती म्हणाली, अरे बावळटा, मागच्या दुरुस्तीच्या वर्षी आठव. सगळा उन्हाळा भट्टी गार होती, लोक दोन महिने घरी, आणि अंकात सगळ्यांनी अशीच उशीएवढी पुस्तकं सांगितली होती. तू नव्हतीस त्या वर्षी, आईच्या दुखण्यात होतीस. पण नियोजन आता तुझ्या हातात आहे. सुट्टी किती लांबणार हे तुझ्याआधी कुणाला कळणार? म्हणजे विटा आल्या, किंवा येतायत. म्हणजे यंदा भट्टी गार करणार आणि नवी बांधणार. म्हणजे पुढची दहा वर्षं, अगं, मी निवृत्त होईपर्यंत." त्याचे डोळे ओले झाले होते. "मालकांना जाहीर करायचं असेल थाटात, करू देत. मी हॉलमध्ये तुझं नाव काढलं नाही. पण त्यांना डोळे आहेत आणि अंक सगळ्यांकडे आहे."

"सिल्वो," मी म्हटलं.

"गप्प बस म्हटलं ना. आज सकाळी आल्या आल्या पहिलं काम केलं. ऑस्ट्रियात फोन लावला आणि सांगून टाकलं, आभारी आहे, पण येत नाही. माझी भट्टी आहे. असंच म्हटलं, माझी भट्टी आहे. केवढं ओझं उतरलं माहितेय? ओल्गानं आज रात्रीसाठी केक करायला घेतलाय."

काचेपलीकडे बाटल्या चालल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्या मनात काय आलं ते सांगते, लपवण्यात अर्थ नाही. मनात आलं की आताही गप्प राहता येईल. मी काहीच बोलले नाही, त्यानंच उलटा अर्थ काढला. सुट्टीनंतर सगळ्यांनाच कळेल, मी गोदामात असेन, आणि कधी भेटलो तर म्हणेन, अरे, मला तरी कुठं ठाऊक होतं. तो विश्वासही ठेवेल. सिल्वो मासेमारीवरचं एकच पुस्तक वाचलेला माणूस आहे, तो माणसावर विश्वास ठेवतो. त्याच्या घड्याळात साडेबारा होत होते आणि शुक्रवारी त्या बाजूच्या कचेऱ्या लवकर बंद होतात हे मला ठाऊक होतं. तो माझ्यासाठी थर्मासमधून कॉफी ओतत होता.

"भट्टी बांधणार नाहीत, सिल्वो," मी म्हटलं. "विटा मागवल्याच नाहीत. सुट्टी संपली की काच काढून टाकणार आणि गॅस बंद करणार. कायमचा. परत फोन लाव. आत्ता लाव."

त्यानं थर्मासचं झाकण फिरवून फिरवून बसवलं. नीट बसलं की नाही ते बघितलं. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"मे."

"मे महिन्यात तू माझ्या पोरीच्या लग्नात नाचलीस."

"हो."

"माझ्याबरोबर नाचलीस."

"हो. सिल्वो, फोन लाव. ते जातील."

त्यानं फोन लावला. उभा राहून, डोक्यावरची टोपी काढून हातात धरून, जणू तो माणूस समोरच उभा आहे. सिल्वोचं जर्मन मोडकंतोडकं आहे, बाजारहाटापुरतं, आणि त्यात तो इतका नम्र होतो की ऐकवत नाही. सकाळचा मीच, क्राम्बर्गर. हो, मला ठाऊक आहे मी नाही म्हटलं होतं. माफ करा. मला यायचं आहे. पलीकडचा काहीतरी लांबलचक बोलला. मग त्यानं विचारलं असावं की अर्ध्या दिवसात असं काय झालं, कारण सिल्वो थांबला आणि त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही, तेवढं जमलं. त्यानं खरं सांगितलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. "बायको," सिल्वो म्हणाला. "माझी बायको. ती रागावली. ती म्हणते, जायचंच." आणि तो हसला, बायकोला भिणाऱ्या नवऱ्यासारखा, त्या परक्या माणसाला बरं वाटावं म्हणून. ओल्गा आयुष्यात कुणावर रागावलेली मी पाहिलेली नाही. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

फोन ठेवून तो म्हणाला, "त्यांनी त्या दुसऱ्याला बोलावलंय. तो काय म्हणतो ते सोमवारी कळेल."

"माझ्यामुळे झालं."

"हो," तो म्हणाला. खोटं सांत्वन करायचा त्याचा स्वभाव नाही. टोपी पुन्हा घातली, आकड्यांकडे बघितलं, कुठलातरी आकडा वहीत उतरवला, कारण ते त्याचं काम होतं आणि भट्टी अजून चालू होती. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "बाहेर इगोर आहे. त्याची बायको माहेरी परत जाऊ म्हणत होती, तिकडे तिच्या भावानं त्याला सुताराकडे काम बघितलं होतं. काल रात्री त्यानं नको म्हणून कळवलं. व्लाडो आहे. त्याची भरपाई घेऊन लवकर निवृत्त व्हायची सगळी तयारी झाली होती, तो म्हणाला आता थांबतो, नवी भट्टी बघून जातो. आणखी कोणकोण आहेत मला माहीत नाही. सगळे तुझं ते पान वाचून खूश आहेत."

"तू सांगशील त्यांना?"

"मी का?" सिल्वो म्हणाला. "पानावर नाव तुझं आहे."

मी बाहेर आले. पहिली तुकडी जेवायला बसली होती, हॉलच्या टोकाला, पंख्याखालच्या लांब टेबलाशी. राजमा, चिरलेला कांदा, काळा पाव, कुणाच्या घरच्या काकड्या. मला येताना बघून बोलणं थांबलं आणि हसू सुरू झालं. इगोरनं बाहीनं बाक पुसला आणि सरकून जागा केली. व्लाडो म्हणाला, "बसा, बाई, बसा. आज आमच्याकडून." कुणीतरी माझ्यापुढं काटा ठेवला. वर जिन्याच्या कठड्याशी रेबर्निक साहेब येऊन उभे राहिलेले मला दिसले. तेही मला बघत होते. मी बसले नाही. बसले असते तर दोन घास खाल्ले असते, आणि दोन घास खाल्ले असते तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

"दुरुस्ती नाही," मी म्हटलं. यंत्रांच्या खडखडाटात कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "दुरुस्ती होणार नाही. विटा आलेल्या नाहीत, येणारही नाहीत. सुट्टीनंतर कारखाना बंद होतोय. ज्यांनी कुणाला नाही म्हणून कळवलं असेल त्यांनी आजच परत कळवा."

पंखा फिरत होता. इगोरच्या हातातला पाव अर्ध्यावर थांबला. व्लाडोनं वर जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंडातला घास सावकाश गिळून विचारलं, "हे कंपनी सांगतेय?"

"नाही," मी म्हटलं. "मी सांगतेय."